पगारे सरांचं पुढचं चाक

दर रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या कॉलनीतले पगारे सर मोटारसायकलचं पुढचं चाक हवेत उचलत. वय पन्नाशीच्या पुढे, पेशा शाळेत विज्ञान शिकवण्याचा. मोटारसायकलही साधीसुधी नव्हे. देवळालीला लष्कराच्या लिलावात घेतलेलं ते एक म्हशीएवढं धूड होतं. पुढे वारा अडवायला काच, मागे दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या. हल्लीची पोरं या चाक उचलण्याला काहीतरी इंग्रजी नाव देतात. सर त्याला ‘प्रात्यक्षिक’ म्हणत.

ऐंशी सालच्या आसपास मी नाशकात अंबडच्या एका कारखान्यात कारकून म्हणून लागलो आणि द्वारका चौकाजवळच्या त्या कॉलनीत खोली घेतली. तेव्हा घरमालकाने मला दोनच गोष्टी बजावल्या होत्या. नळाला पाणी सहाला येतं, आणि रविवारी आठला मैदानात सायकल लावायची नाही.

पहिल्या रविवारी मी मोठ्या आशेने गॅलरीत उभा राहिलो. सरांनी आधी मैदानात चुन्याची रेघ मारली आणि जमलेल्या पोरांना तिच्या मागे उभं केलं. मग कानाला मफलर, त्यावर लष्करी हेल्मेट, पँटच्या पायांना सायकलच्या क्लिपा. गाडी सुरू झाली, सर पुढे वाकले, मागे झाले, आणि चाक उचललं गेलं. जेमतेम फूटभर. मी चहाचा घोट घेईपर्यंत ते खालीही आलं. सरांनी उतरून खिशातल्या वहीत काहीतरी लिहिलं. नंतर मी डोकावून पाहिलं तर लिहिलं होतं, ‘यशस्वी’.

आता या माणसाला धाडसी म्हणावं, तर एरवी त्याच्याइतका भित्रा माणूस अख्ख्या नाशकात शोधून सापडला नसता. दूध तीनदा उकळणार. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहून झाल्यावर पुन्हा एकदा उजवीकडे पाहणार. बल्ब बदलायचा तर स्टुलावर मी चढायचं आणि सरांनी स्टूल धरायचं, वर मलाच सांगायचं, “गुरुत्वमध्य सांभाळ.”

गुरुत्वमध्य हा त्यांचा सगळ्या रोगांवरचा काढा. माझं साहेबाशी वाजलं तेव्हा म्हणाले, “साहेब हलणार नाही. तू तुझा गुरुत्वमध्य खाली घे.” माझी पोळी करपली तरी चूक तव्याची नसे. लग्नाच्या आशीर्वादालाही हेच. एका नवरीने त्यावर “म्हणजे काय?” असं विचारलं आणि जेवणाची पंगत अर्धा तास खोळंबली.

गाडी त्यांनी घेतली होती भारतभ्रमणासाठी. भिंतीवर नकाशा होता, त्यावर लाल पेन्सिलीने कन्याकुमारीपर्यंतची रेघ होती. प्रत्यक्षात गाडी विंचूरच्या पुढे कधी गेली नाही. विंचूर ही त्यांची सासुरवाडी. सरांच्या पत्नी, म्हणजे काकू, मी राहायला येण्याच्या दोन वर्षं आधीच वारल्या होत्या, पण मेहुण्याकडून कांद्याची गोणी अजून येत असे.

त्या गोणीवर सगळा खेळ. प्रात्यक्षिकाच्या वेळी ती मागच्या सीटवर दोरीने बांधलेली असे. शनिवारी संध्याकाळी सर ती रज्जाकभाईंच्या लाकडाच्या वखारीत नेत आणि मोठ्या काट्यावर ठेवत. कांदा सुकतो, आठवड्यात वजन घटतं. मग पिशवीतून आणलेले पाचसात कांदे वरून टाकायचे. रज्जाकभाई ओरडत, “चौपन्न, मास्तर. बस करा.” चोपन्न किलो. एक कांदा जास्त झाला तर सर तो काढून घेत. मी एकदा विचारलं, पंचावन्न झाले तर काय बिघडेल? “मग तो प्रयोग राहत नाही,” सर म्हणाले. मास्तर माणूस, म्हटलं असेल काही शास्त्र.

पुढे एका रविवारी चाक उचललं गेलं, पण खाली येताना वाकडं आलं. सर पडले. मनगट मोडलं, कांदे मैदानभर पांगले. पुण्याहून त्यांचा मुलगा मिलिंद धावत आला. मिलिंद बँकेत होता आणि बँकेतल्यासारखाच बोलायचा. त्याने तीन निर्णय जाहीर केले. प्लास्टर निघेपर्यंत तो थांबेल, गाडी विकली जाईल, आणि दादा, म्हणजे सर, पुण्याला येतील.

सरांनी नकाशा उतरवून गुंडाळून ठेवला, एवढंच. मला त्यांची चिंता वाटली. या माणसाने निदान गुरुत्वमध्यावर तरी दोन शब्द बोलायला हवे होते.

प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सिन्नरचा एक माणूस गाडी घ्यायला यायचा होता. आदल्या संध्याकाळी सर गोणीला हात घालताना दिसले. मिलिंद चिडला. “दादा, उद्या गाडी जाणार आहे. आता हे कशाला?”

“दीड महिना झाला रे. कांदा सुकला असेल,” सर म्हणाले.

दुखऱ्या हाताने ते नेतील या भीतीने मिलिंदने आणि मीच गोणी वखारीत नेली. एकोणपन्नास भरली. रज्जाकभाई म्हणाले, “पाच किलो और डालो. मास्तरांचं चौपन्न फिक्स आहे.”

मिलिंद काट्याकडे बघतच राहिला. मग तिथल्याच एका ओंडक्यावर बसला.

“आई चोपन्न किलो होती,” तो म्हणाला.

मग त्याने मला सांगितलं. तो लहान असताना सगळे विंचूरला गेले होते. परत निघताना पेट्यांत किती माल भरायचा हे ठरवण्यासाठी सरांनी काकूंना भर बाजारात कांद्याच्या काट्यावर उभं केलं. “मी काय गोणी हाय का,” काकू म्हणाल्या, आणि बाजार हसला. एवढं तोलूनमापून सरांनी सगळा भार भरला तो मागेच. द्वारकेला क्लच सुटला आणि पुढचं चाक उठलं. हवालदार शिट्टी वाजवायचा विसरला. सर भीतीने पांढरेफटक पडले.

“मी मामाबरोबर एसटीने मागून आलो,” मिलिंद म्हणाला. “घरी आई नुसती हसत होती. दादांना म्हणाली, ‘लय मजा आली. परत करा की.’ पुढे दर वेळी विंचूरहून येताना तिला ते हवंच असायचं. तिच्यासाठी शिकले ते. घाबरत घाबरत.”

पाच किलो कांदे मिलिंदने स्वतः मोजून टाकले. सकाळी सिन्नरच्या माणसाला त्याने चहा पाजून परत पाठवलं. मग सरांसमोर उभा राहून म्हणाला, “दादा, मी बसू का मागे?”

“तुझं वजन किती?”

“बहात्तर.”

“मग नको,” सर म्हणाले, आणि मिलिंद हसला. हसता हसता त्याने डोळे पुसले. मी पायाशी काही पडलंय असं दाखवून खाली बघत राहिलो.

मिलिंद पुण्याला गेला, सर राहिले. त्यानंतर एकदा धीर करून मी त्यांना म्हटलं, “सर, आता मनगट असं आहे. चाक उचलू नका, नुसती गाडी चालवा. गोणी कशाला हवी?”

सर हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत होते.

“गोणीशिवाय चालवून बघितली मी,” ते म्हणाले. “द्वारकेपर्यंत गेलो. काही सांगावंसं वाटलं की मान मागे वळवायचो. तीनदा वळवली, मागे नुसती सीट. मग परत आलो.”