काळ्यापांढऱ्या सिनेमातला लाल बैल

जवळा बाजारच्या तंबूतला सिनेमा उत्तमरावांनी बाजारच्या दिवशी पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर बसून तो अख्ख्या गावाला समजावून सांगितला. तिथंच सगळं बिघडलं. पाहून गप्प बसले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सिनेमा पाहून गप्प बसणारा माणूस निजामाच्या राज्यात अजून निघाला नव्हता आणि उत्तमराव तर त्या बाबतीत अगदीच कच्चे होते.

खरं म्हणजे त्यांनी त्या आठवड्यात तोंड जपूनच वापरायला हवं होतं. कारण शुक्रवारी पंच बसणार होते आणि त्यात उत्तमरावांची साक्ष होती. भानगड अशी, की गेल्या वर्षी व्यंकटरावांना विहीर खणायची होती आणि पाणी दाखवणाऱ्यानं नेमका संतरामच्या शेताचा कोपरा दाखवला. व्यंकटरावांनी आपल्या शेतात हुरड्याचा बेत केला, संतरामला शेजारी बसवलं आणि गोडीत म्हणाले, "कोपरा दे, मी तुला माझ्या वावरातून गाडीवाट देतो." संतरामनं कोपरा दिला. विहिरीला पाणी लागलं. पाणी लागल्यावर व्यंकटरावांना वाटेच्या पट्ट्यात गहू दिसू लागला आणि यंदा त्यांनी वाटेवर काटेरी बोराटी आणून टाकली. संतरामचा कापूस वेचून शेतात पडला होता आणि तो डोक्यावर वाहून आणण्यात नवराबायकोचे हाल चालले होते.

कागद कुणीच केला नव्हता. शब्द दिला तेव्हा तिसरा माणूस म्हणून उत्तमराव तेवढे हजर होते. व्यंकटरावांची बायको शकुबाई आगटीपाशी बसून कणसं भाजत होती, पण नवऱ्याविरुद्ध बायकोला कोण विचारतो? आणि व्यंकटरावांचा लाल बैल राजा हजर होता. उत्तमरावांनी पटक्याच्या मागं सोडलेल्या शेमल्याला गुळाचा खडा बांधून ठेवला होता. राजानं मागून येऊन खडा आणि शेमला दोन्ही खाल्ले. उत्तमराव पटका ओढत होते, बैल चावत होता आणि अशा ओढाताणीत त्यांनी तो शब्द ऐकला होता.

तर पारावर उत्तमराव सिनेमा सांगत होते.

"एक शास्त्रज्ञ ऱ्हातो. त्यानं मानसाला सपनात धाडायची मशीन केलेली. खुर्चीवर बसायचं, डोक्यावर लोखंडी टोपी घालायची, की गेला मानूस सपनात. आता तो हिरो सपनात जातो, तर तिथं बी तीच मशीन! तो पुन्हा बसतो. म्हंजी सपनाच्या पोटात सपन."

"मंग बाहीर कसा येतो?" संतरामनं विचारलं.

"तीच तर गंमत हाये. एकदा जागा होतो, पण ते जागं होनं बी सपनातलंच. पुन्हा जागा होतो. शेवटी बायको पान्याचा गिलास घेऊन येते, तो गिलास उचलतो अन् खेळ खलास. आता तो जागा हाये का झोपेत, ते कोनालाच समजंना. तंबूतून बाहीर पडून लोक भांडून राहिले व्हते."

"मंग तुमाला कसं समजलं?"

उत्तमरावांनी सावकाश तंबाखू मळली. "बैलावरून. मधी त्या मशीनच्या खोलीत बैल येतो. चांगला लाल कंधारी, डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं. तो येतो अन् मशीनच्या तारा कडब्यावानी खाऊन टाकतो. तारा तुटल्या म्हंजी मशीन बंद. मशीन बंद म्हंजी सपन बंद. मंग शेवटी हिरो जागा असलाच पाहिजे का न्हाई? लोकांनी बैल पाहिला, पन त्याचा अर्थ लावला न्हाई."

अर्थ इतका बराबर लागला होता, की संध्याकाळी गावातून चार बैलगाड्या भरून लोक तो बैल पाहायला जवळा बाजारला गेले.

बैल आला नाही. मशीन आली, टोपी आली, गिलास आला आणि खेळ संपला. लोक जागचे हलेनात. तंबूचा मालक हिरासिंग कंदील घेऊन आला, तर त्याला गराडा पडला.

"बैल काहून कापला?"

"कौनसा बैल, भाई?"

"लाल बैल! तारा खातो तो!"

"अरे, ये सायन्स का पिच्चर है! इसमें बैल का क्या काम?"

"काल उत्तमरावांना दाखवला अन् आमाला न्हाई?" एक जण तंबूच्या दोराशी चाळा करू लागला. हिरासिंगनं दोराकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं आणि आणखी दोन-चार दिवस मुक्काम आहे, बैल कुठल्या डब्यात राहिला असेल तर शोधतो, असं कबूल करून टाकलं. गरीब माणूस होता.

ही बातमी गावात आली तेव्हा उत्तमरावांची बायको सुमनबाई विहिरीवर होती. बाया हसत होत्या, म्हणून तीही हसली आणि बोलून गेली, "बैल कुठला बाई! आमच्या मालकाचं घोरनं कापडाच्या पडद्याअलीकडं बायांना ऐकू येऊन राहिलं व्हतं. मी शरमेनं मान खाली घालून बसले."

शकुबाईही तिथंच पाणी शेंदत होती. तिनं घरी जाऊन ही गंमत नवऱ्याला सांगितली. व्यंकटराव हसले नाहीत. त्यांनी ती नीट ठेवून दिली.

शुक्रवारी पंच बसले. भुजंगराव सगळ्यांत जुने पंच. त्यांचा स्वभाव असा, की दोन्ही बाजूंचं ऐकल्याशिवाय ते अंगावरची माशीही उडवत नसत. उत्तमरावांनी हुरड्याची सगळी हकिगत सांगितली. कोपरा, वाट, शब्द, झालंच तर बैल आणि पटका.

व्यंकटराव उठले. आवाज अगदी मऊ. "उत्तमराव, सिनेमात तुमी बैल पाहिला?"

"पाहिला."

"रंग कसा?"

"लाल."

"सिनेमा तर काळापांढरा हाये. त्यात लाल बैल कुठून आला?"

उत्तमरावांनी तंबाखूची डबी काढली आणि न उघडताच परत खिशात ठेवली.

"डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं म्हनता. म्हंजी माझा राजा सिनेमात काम करून राहिला का? पंच मंडळी, उत्तमराव भला मानूस हाये, खोटं बोलत न्हाई. पन तंबूत ते झोपले व्हते, हे त्यांचीच बायको सांगते. जो बैल सिनेमात न्हवता, तोच हुरड्यात बी न्हवता. हुरड्यात बी ते झोपले, अन् बैल, पटका, गाडीवाट, समदं सपनात पाहिलं."

सुमनबाई माणसांच्या मागं उभी होती. ती धावत घरी गेली आणि चावलेला पटका घेऊन आली. तिनंच तो रफू केला होता. भुजंगरावांनी तो उलटापालटा करून पाहिला.

"उंदरानं कुरतडला आसंल," व्यंकटराव म्हणाले. "अन् मी तर म्हनतो, उद्या समदेच चला सिनेमाला. बैल निघाला तर उत्तमरावांची साक्ष खरी, बोराटी मी माझ्या हातानं काढतो. न्हाई निघाला तर वाटेचं नाव काढायचं न्हाई."

त्यांनी तो सिनेमा दोनदा पाहिला होता, म्हणून इतके उदार झाले होते. भुजंगरावांनी विचार केला आणि मान डोलावली. सभा उठल्यावर संतराम आपल्या बोराटी टाकलेल्या वाटेकडं गेला आणि तिथं उभा राहिला. ते पाहून आपल्या एका हसण्यापायी याची वाट बंद होतेय, हे सुमनबाईला उमगलं. त्या संध्याकाळी ती विहिरीवर गेली, ती घागर भरून झाली तरी परतेना. शकुबाईही परतेना. दोघी रहाटापाशी उभ्या राहून बोलत होत्या आणि या खेपेला कुणीच हसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निघताना सुमनबाईनं धुऊन वाळवलेला तोच पटका नवऱ्याच्या हाती दिला.

"याला गुळाचा वास काहून येऊन राहिला?" उत्तमरावांनी विचारलं.

"गुळाच्या ढेपीपाशी ठेवला व्हता. बांधा मुकाट्यानं. साक्षीचा पटका हाये, तोच पाहिजे."

उत्तमरावांनी तो बांधला. त्यांना वासाचं काही सुचत नव्हतं. आपण झोपलो होतो की काय, हा प्रश्न त्यांना रात्रभर झोपू देत नव्हता. बैल तर डोळ्यांसमोर लख्ख उभा होता.

तंबू खचाखच भरला. बाहेर गाड्या सोडून बैल चाकांना बांधले होते. व्यंकटरावांच्या गाडीला अर्थातच राजा होता. तालुक्यात मिरवायला दुसरं काय होतं त्यांच्याकडं? पुढच्या रांगेत मध्ये भुजंगराव, एका बाजूला व्यंकटराव, दुसऱ्या बाजूला उत्तमराव आणि त्यांच्या मागं संतराम. कापडापलीकडं बाया. हिरासिंग विजेच्या इंजिनापाशी देवाचं नाव घेत उभा होता, कारण बैल त्याला कुठल्याच डब्यात सापडला नव्हता.

सिनेमा चालू झाला. मशीन आली. टोपी आली. हिरो सपनात गेला, सपनातून सपनात गेला. बैल नाही. व्यंकटरावांनी पाय लांब केले. हिरो एकदा जागा झाला, दुसऱ्यांदा जागा झाला. संतरामनं मान खाली घातली. बायको पाण्याचा गिलास घेऊन निघाली.

तेवढ्यात बायांच्या बाजूला गलका झाला, कापड वर उचललं गेलं आणि पडद्यासमोर बैल येऊन उभा राहिला. लाल. डाव्या शिंगाचं टोक मोडलेला. शास्त्रज्ञाचं तोंड त्याच्या पोटावर पडलं होतं आणि हिरोचा गिलास त्याच्या वशिंडावर.

"आला! बैल आला!" तंबूत टाळ्या सुरू झाल्या. मागच्या लोकांना तर तो सिनेमातलाच वाटला. उत्तमराव उठून उभे राहिले आणि छाती पुढं काढून म्हणाले, "म्या काय म्हनलं व्हतं!"

उभं राहायला नको होतं. बैलानं नाक वर केलं, हुंगलं, दोन पावलं पुढं आला आणि पटक्याचा शेमला तोंडात धरून शांतपणे चावू लागला. उत्तमराव ओरडले, पटका ओढू लागले. भुजंगराव मागं कोलमडले. व्यंकटरावांना आपला बैल ओळखायला वेळ लागला नाही. पटक्याचं कापड पोटात गेलं तर जनावर मरायचं, या भीतीनं त्यांनी झेप घेऊन त्याचा कान धरला.

"आरं सोड राजा! सोड! त्या दिशी हुरड्यात अर्धा पटका खाल्ला, आता उरलेला बी खातो का?"

टाळ्या थांबल्या. फक्त इंजिनाची धडधड ऐकू येत होती. पडद्यावर सिनेमा संपूनही गेला होता.

भुजंगराव धूळ झटकत उठले. "व्यंकटराव, कोन्त्या हुरड्यात?"

व्यंकटरावांनी बैलाचा कान सोडला. बैलानं मात्र पटका सोडला नाही.

"न्हाई, म्हंजी... मला सुमनबाईनं सांगितलं तेच..."

"काल तर उंदीर म्हनला व्हता," भुजंगराव म्हणाले. "बैल व्हता, पटका व्हता, उत्तमराव वढत व्हता, म्हंजी जागा व्हता. कान बी जागेच आसतील. शिवाय बैल सिनेमात निघाल्यावर बोराटी काढायची, हा तुमचाच शब्द. बैल निघाला. लाल बी हाये."

"आवो, पन तो खरा बैल हाये!"

"मंग आमी कुठं खोटा मागितला व्हता?"

लोक हसून लोटपोट झाले. मागून कुणीतरी ओरडलं, "पन भुजंगराव, सिनेमातला हिरो शेवटी जागा झाला का न्हाई? बैलामुळं दिसलंच न्हाई!"

"तो झाला न झाला," भुजंगराव म्हणाले, "व्यंकटराव झाले."

हिरासिंगनं बैलाला हात जोडले. मग व्यंकटरावांजवळ जाऊन हळूच विचारलं, "पटेल, ये बैल अगले मुकाम को भी आएगा क्या?" व्यंकटराव राजाला ओढत गाडीकडं निघाले.

सकाळी संतरामची गाडी कापसानं भरून त्या वाटेनं आली. बोराटी व्यंकटरावांनी स्वतः काढली होती आणि काटे भरलेले हात घेऊन ते ओसरीवर बसले होते. काटे शकुबाई काढत होती, जरा दाबूनच काढत होती म्हणतात. संतरामनं गाडीवरूनच उत्तमरावांना रामराम घातला. उत्तमरावांनी हात उंच करून तो घेतला.

ते घरात आले आणि उरलेला पटका उलगडू लागले. आतल्या टोकाला एक गाठ होती. सोडली, तर आत गुळाचा खडा.

"हे काय हाये?"

सुमनबाई चुलीपुढून म्हणाली, "एका गाठीला न्हाई आला तर दुसरी असावी म्हनून बांधली."

उत्तमरावांना उलगडायला थोडा वेळ लागला. "अन् राजाचं दावं कोनी सोडलं? तू?"

"मी काहून? मी तर बायांमदी बसले व्हते. शकुबाई तेवढी बैलाला कडबा टाकते म्हनून उठली व्हती." तिनं भाकरी उलटली. "हुरड्यात तिनं बी ऐकलं व्हतं ना. पन तिला कोनी इचारलंच न्हाई."

उत्तमराव खाली बसले. मग दबक्या आवाजात म्हणाले, "खरं सांग. मी सिनेमात झोपलो व्हतो का?"

"गूळ खाऊन घ्या," सुमनबाई म्हणाली. "अन् आता सिनेमात बैल व्हता का, असं कोनी इचारलं, तर काय सांगसाल?"

उत्तमरावांनी खडा तोंडात टाकला.

"व्हता," ते म्हणाले. "समद्या गावानं पाहिला."