राधीचं स्थळ

आपण जुळवलेली सोयरीक कधी फसत नाही, असं बन्सीलालनाना अख्ख्या पिंप्राळ्यात छाती ठोकून सांगत. एकवीस लग्नं त्यांच्या नावावर होती! पण १९८९ च्या जूनमध्ये, ज्या सर्पोद्यानात ते नोकरीला होते, तिथेच त्यांचं नाक कापलं गेलं. राधी नावाच्या त्यांच्या लाडक्या अजगरमादीची निम्मी पिलं वाकड्या कण्याची निघाली. दोघांना तर डोळा एकच!

"नाना, राधी आणि आपला नर सख्खी भावंडं आहेत," जनावरांचे डॉक्टर नासीर म्हणाले. "रक्तातल्या रक्तात असंच होणार. बाहेरचा नर आणा, नाहीतर राधीला इथून हलवतील."

राधी जाणार! नानांना दोन दिवस घास गोड लागेना. आणि बहीण-भावाचं लग्न, तेही त्यांच्या नाकाखाली! त्यांनी तडक धुळ्याच्या सर्पोद्यानाला पत्र टाकलं. मुलगा कोणत्या घराण्यातला? वय? काही व्यंग? लगेच उत्तर आलं : घराणं धुळ्याचं, वय पाच, व्यंग नाही, पंधरवड्याला एक कोंबडी खातो. स्थळ पसंत!

धुळ्याचे भिकनभाऊ नवरदेवाला पोत्यात घालून जीपने घेऊन आले. नानांच्या बायकोने, कलाबाईंनी, फाटकातच पोत्याला ओवाळलं. पोतं उघडल्यावर नाना हरखून म्हणाले, "काय रुबाब आहे! अगदी आमच्या राधीच्या वळणाचा!"

"व्हईनच ना नाना!" भिकनभाऊ हसले. "हाऊ तुमनाच शे! चौऱ्याऐंशीमा पिलू व्हता, तवय तुम्हीनच आमले दत्तक दिन्हा!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणजे हाही राधीचा भाऊच! नाना मात्र हार मानायला तयार नव्हते.

"दत्तक गेला ना? मग गोत्र बदललं! आता चालतंय!"

"गोत्र बदललं असेल नाना, रक्त कसं बदलणार?"

पोतं आल्या पावली परत गेलं. नानांनी नाशिक, नागपूर, कोल्हापूरला पत्रं धाडली. तिन्हीकडून कार्डावर एकच उत्तर : आमचा नर आपणच प्रेमाने दिलेला आहे, तब्येत उत्तम. राधीची भावंडं वाटताना नानांनी हात कधी आखडता घेतलाच नव्हता!

तिन्ही कार्डं मांडीवर घेऊन नाना राधीच्या पिंजऱ्यापाशी मटकन बसले. त्यांना रडूच यायचं बाकी होतं. कलाबाईंनी कार्डं एकेक करून वाचली आणि पदराने तोंड दाबलं.

"आते लगीन ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "राखीले बठ्ठा भाऊसले बलाई ल्या!"