परतीचे डबे

डॉक्टरांकडे जायला आठवडा उरला, तेव्हा तोकुजिरोंनी घरातलं सगळं खारट हद्दपार करायचं ठरवलं. रक्तदाबाला ते आजवर कधी भ्याले नव्हते. पण या खेपेला डॉक्टरांनी बजावलं होतं, "आकडा उतरला नाही तर गरम झऱ्यावर जायचं विसरा, आजोबा." आणि झऱ्यावर न्यायचं वचन त्यांनी बायकोला, फुमिएला, निवृत्त झाले त्याच दिवशी दिलेलं. दरवर्षी काहीतरी आडवं येई. यंदा तिने खोलीसुद्धा ठरवून टाकली होती.

"खारवलेल्या मुळ्याचं पिंप दिसलं की माझा हात जातोच," ते म्हणाले. "पिंपच रिकामं करू."

"अख्खा हिवाळ्याचा मुळा फेकणार?"

"फेकतोय कोण? शेजारी वाटून टाकू."

फुमिएने डबे भरले, तोकुजिरो बर्फ तुडवत घरोघर देऊन आले आणि हात झटकून मोकळे झाले. इथेच चुकलं. सगळा जन्म उत्तर जपानमधल्या अकितातल्या याच गावात काढूनही ते एक गोष्ट विसरले होते. या गावात गेलेला डबा रिकामा घरी येत नाही.

संध्याकाळीच शेजारच्या साकुमाबाई दारात हजर. "तुमचा डबा! थोडा घरचा सोयाबीनचा मिसो घातलाय. यंदा जरा जास्तच खारट झालाय, चालवून घ्या हं."

दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडून खारवलेला मासा आला. माशाची परतफेड म्हणून मिसो पाठवला, तर त्या डब्यातून मिठातली गाभोळी आली.

"बिनमिठाचं कुणी काही देतच नाही का गं?"

"देतात की. आजारी माणसाला."

"मग सांग ना, मी आजारी आहे!"

"म्हणजे सगळं गाव बघायला येईल. रिकाम्या हाताने येईल का?"

तोकुजिरोंनी नाइलाजाने ताट पुढे ओढलं. त्यांच्या ताटात दोन्ही वेळा नुसतं टोफू आणि उकडलेला पालक. "गवत खायला घालतेस," असं ते तिला रोज ऐकवत. फळीवरचे डबे मात्र एकेक करून रिकामे होत होते. त्यातलं कुठे जातं, हे त्यांनी विचारलं नाही. बायको काहीतरी करत असेल, एवढ्यावर त्यांचं आयुष्य सुखाने चाललं होतं.

ठरल्या दिवशी दोघं दवाखान्यात गेले. मोकळ्या हाताने कसं जायचं, म्हणून फुमिएने उरलेली गाभोळी डॉक्टरांना नेली. डॉक्टरांनी तोकुजिरोंच्या दंडाला पट्टा बांधला आणि आकडा पाहून ते हसले. "वा! जा, खुशाल डुंबा."

फुमिएचा चेहरा लालबुंद झाला. आनंदाने झाला असेल, असं तोकुजिरोंना वाटलं. डॉक्टरांना तसं वाटलं नाही.

"आजी, जरा हात बघू." त्यांनी पट्टा बांधला, मग पुन्हा एकदा बांधला. "हल्ली काय खाता?"

फुमिए गुडघ्यांकडे बघत राहिली. "लोकांनी एवढ्या प्रेमाने दिलेलं, डॉक्टर. टाकायचं कसं? आणि यांना तर चालत नव्हतं."

"झरा बंद. मी सांगेपर्यंत."

तोकुजिरोंनी फुमिएकडे पाहिलं. झऱ्याची ओढ त्यांना कधीच नव्हती, होती ती हिला. आधीच्या कुठल्याही वर्षी उठून गेलो असतो तर! त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

ते बाहेर बूट चढवत होते, तेवढ्यात डॉक्टरांची बायको धावत आली. हातात धुतलेला डबा. "रिकामा कसा देऊ? सासूबाईंनी खारवलेले आंबट जर्दाळू आहेत."

फुमिएने वाकून नमस्कार केला आणि सवयीने हात पुढे केला. त्याआधीच तोकुजिरोंनी डबा घेतला. दोघं बर्फातून घराकडे निघाले.

"चुकलंच माझं," ते म्हणाले.

"असू दे. डबा द्या इकडे, तुम्हाला चालायचं नाही."

"तुलाही नाही."

"मग काय, टाकायचा?"

तोकुजिरोंनी थोडा विचार केला. "साकुमाबाईंना देऊन टाकू," ते म्हणाले, आणि दोघंही भर रस्त्यात थबकले.