बाबांच्या नावापुढचं शून्य

धाकटीच्या वर्गात एक शिस्त होती. मुलांशी गप्पा मारायला जो पालक येई, त्याने आधी आपण कसे आलो ते सांगायचं. मग त्याच्या येण्याने हवेत किती कार्बन डायऑक्साइड गेला, ते मुलं काढत आणि फळ्यावर लिहीत. दातांच्या डॉक्टरीणबाई सायकलने आल्या होत्या. त्यांच्या नावापुढे शून्य होतं आणि त्यांची मुलगी पंधरा दिवस त्या शून्याच्या तोऱ्यात होती.

आज धाकटीच्या बाबांची पाळी होती. बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि कोपऱ्यावर जायलाही त्यांना गाडी लागे.

"बाबा, शून्यच आणायचं हं! शाळा चारच किलोमीटर आहे," धाकटीने आदल्या दिवशीच बजावलं होतं.

"आणू की. पण आईला सांगू नकोस. ती लगेच माझ्या गुडघ्याचा विषय काढेल."

बाबा गुपचूप निघाले. फोन वाजला तर बिंग फुटेल, म्हणून तो उशीखाली ठेवून गेले.

अर्ध्या तासाने आईला दारात गाडी दिसली, बाबा दिसेनात. तिने फोन लावला, तर उशी वाजू लागली. तिने मामाला गाठलं.

"अरे, तुझे भाऊजी गाडी न घेता गेलेत!"

"भांडलात का?"

"भांडलो असतो तर गाडी घेऊन गेले असते!"

मामाला हे पटलं. तो गाडी घेऊन निघाला. आईने दारातली गाडी काढली. मामाने आत्याला कळवलं, तीही आपली गाडी घेऊन निघाली. शेजारचे काका कुणी न सांगताच स्कूटरवर बसले.

बाबा शाळेच्या निम्म्या वाटेवर सापडले. लंगडत होते.

"अहो, बसा गाडीत!"

"नको. शून्य जाईल."

"काय जाईल?"

"दादा, तुला बरं वाटतंय ना?" आत्याने मागच्या गाडीतून विचारलं.

बाबा थांबेनात, आणि त्यांना असं सोडून जायला कुणाचं मन धजेना. अखेर सगळा ताफा गुडघ्याच्या वेगाने शाळेपाशी पोचला: पुढे बाबा, मागे पहिल्या गिअरमध्ये तीन गाड्या, शेवटी स्कूटर. वर्ग खिडकीला चिकटून बघत होता.

"चालत आलो," बाबा धापा टाकत म्हणाले.

डॉक्टरीणबाईंच्या मुलीचा हात वर. "बाई, मागचा धूर कुणाच्या नावावर?"

वर्गाच्या बाईंनी धाकटीकडे पाहिलं. "तूच ठरव बाळा."

धाकटीने खडू घेतला, कोपऱ्यात गणित केलं, दोनदा तपासलं आणि लिहिलं: 'बाबा – शून्य.' त्याखाली लिहिलं: 'बाबांची काळजी – पाच किलो.'

वर्गाने ते मान्य केलं. बाबांची काळजी मागच्या बाकावर अवघडून, मान खाली घालून बसली होती.

"छान," बाई म्हणाल्या. "आणि परत कसे जाणार?"

"चालतच!" बाबा ताठ उभे राहून म्हणाले.

मागच्या बाकावर किल्ल्या खुळखुळल्या.

"जाऊ द्या त्यांना, बाई," मामा म्हणाला. "आम्ही आहोत मागे."

बाईंनी खडू पुन्हा धाकटीच्या हातात दिला.