एकसष्ट वेळा नापास

आमच्या गावात माणूस दिसायचा की नाही, हे तो कुठे उभा आहे यावर ठरतं. संगणकावर चित्र रंगवताना प्रत्येक ठिपक्याचा आकडा आधी तपासतात. जुळला तर रंग लागतो, नाहीतर नाही. याला स्टेन्सिल चाचणी म्हणतात. चित्रं स्वच्छ येतात म्हणून नगरपालिकेने ठराव करून ती गावालाही लावली. आता कामाच्या प्रत्येक जागेला एक आकडा आहे आणि कामावरच्या प्रत्येक माणसालाही. जुळले नाहीत तर माणूस तिथे असतो, बोलतो, शिंकतो, फक्त दिसत नाही. रस्ते, घरं आणि देवळं यातून वगळली आहेत.

मी या खात्यात लिपिक आहे. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला जागेवर जो दिसेल त्याचा आकडा तिथे कायम करायचा आणि बेवारस जागा पुसून शून्यावर आणायच्या, एवढंच माझं काम.

गेल्या महिन्यात अनुसयामावशी निवृत्त झाल्या. शाळा नंबर चारसमोर रस्त्याकडेला पांढरा चौकोन आहे. त्यावर उभं राहून लाल झेंडा आडवा धरायचा आणि पोरांना पलीकडे सोडायचं, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. मी चौथीत असताना त्यांनी मला दप्तराला धरून ट्रकपुढून मागे खेचलं होतं. दप्तराचा बंद तुटला म्हणून मी त्यांच्यावरच ओरडलो. आभार मानायचे राहून गेले ते गेलेच.

त्यांचा आकडा एकसष्ट. निवृत्तीबरोबर तो जागेवरून पुसला गेला. बदली माणूस काही आला नाही, म्हणून सोमवारी मावशी आपणहून चौकोनावर उभ्या राहिल्या आणि दिसेनाशा झाल्या. झेंडाही दिसेना. चौकोनाबाहेरून झेंडा दाखवायला मनाई आहे. एक टेम्पो दुसरीतल्या मुलीपासून वीतभर अंतरावर थांबला. चालकाला दोष देता येईना. त्याच्या समोर कोणी नव्हतंच.

ज्यांनी ही चाचणी लिहिली त्या रेवती डहाळे यांच्याकडे मी गेलो.

"कोणी नापास झालं तर जागेच्या आकड्याचं काय होतं?"

"एकाने वाढतो. कुठे किती नापास होतात ते कळावं म्हणून मीच तसं लिहिलंय. पास झालं तर आकडा हलत नाही."

"नापास कोणीही झालं तरी चालतं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मीही शाळा नंबर चारची," त्या म्हणाल्या. "कितीला येऊ?"

गुरुवारी पाचला शाळा सुटल्यावर रांग लागली. मावशी त्या दिवशी दोनदा नापास झाल्या होत्या; ते धरून जागा एकसष्टवर न्यायला आणखी एकोणसाठ जण नापास व्हायला हवे होते. न्हावी आला, औषधवाला आला, मुख्याधिकारी मॅडम आल्या. एकेकाने चौकोनावर जायचं, दिसेनासं व्हायचं, उतरायचं. मावशी बाजूला उभ्या राहून काळजीने बघत होत्या. पोस्टमन कुरणे यांचा आकडा एकवीस. त्यांची पाळी आली तेव्हा जागाही नेमकी एकवीसवर होती, त्यामुळे ते पास झाले.

"अहो, असं काय करता राव!" मागून कोणीतरी ओरडलं. कुरणे ओशाळून रांगेच्या शेवटी, माझ्या पुढे, जाऊन उभे राहिले.

शेवटचा मी. कर्मचाऱ्याने नापास होऊ नये असा नियम नाही, ते मी आदल्या दिवशीच तपासलं होतं. चौकोनावर उभं राहून खाली पाहिलं तर पाय नव्हते. कोणाला दिसत नाही म्हटल्यावर बोलणं सोपं गेलं.

"मावशी, तुमच्यामुळे मी आहे. तेव्हा बोललो नाही. फार फार आभार."

त्या हवेत माझ्या दिशेने बघत राहिल्या. "कोन रं तू?"

"ट्रक. दप्तराचा बंद."

"असं व्हय," त्या म्हणाल्या. "आई लई बोलली आसंल तुला, बंद तुटला म्हून."

मी डोळे पुसले आणि उतरलो. सहाला दोन मिनिटं होती. तेवढ्यात एक शेळी चौकोनाकडे निघाली. ती चढली असती तर बासष्ट झाले असते आणि उद्या पुन्हा शून्यापासून. मुख्याधिकारी मॅडमनी तिला कानाला धरून बाजूला घेतलं. मावशींनी पदर खोचला आणि चौकोनावर पाय ठेवला.

त्या दिसत होत्या. झेंड्यासकट, पायातल्या चपलांसकट. सहाचे ठोके पडले आणि मी वहीत एकसष्ट कायम केले. माझं अक्षर इतकं चांगलं कधी आलं नव्हतं.

मावशींनी आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि त्या खेकसल्या, "रस्त्यात काय हुबं ऱ्हायलात? जोड्या करा. हात धरा."

त्यांनी झेंडा आडवा धरला. दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. कुरणे यांनी माझा हात धरला आणि आम्ही एकोणसाठ माणसं रांगेने पलीकडे गेलो. पलीकडे कोणाचंच काही काम नव्हतं.