केरबामामाची मैदानाकडे पाठ

बारा वर्षांत आमच्या वसमतच्या ग्राउंडवर एकही मॅच न पाहिलेला माणूस म्हणजे केरबामामा. आणि गंमत अशी की या बारा वर्षांत त्यांची एकही मॅच चुकलेली नाही. गॅलरीच्या पायथ्याशी भट्टी, भट्टीवर भज्यांची कढई, आणि कढईमागे मामा, मैदानाकडे पाठ करून. तोंड कायम लोकांकडे. मागे कोणी सिक्सर मारो की कोणाचा स्टंप उडो, मामा मान वळवत नसत.

मी शाळेत खेळाची बाई. माझा आवाज मोठा आणि राग त्याहून मोठा, असं मुली म्हणतात, आणि त्या खोटं बोलत नाहीत. तालुक्यातल्या स्पर्धांना स्कोअर लिहायचं काम माझ्याकडे असतं. एकदा बॉल सीमेकडे गेला, गलका झाला आणि मी चार लिहून मोकळी झाले. टेबलाशेजारून मामांचा आवाज आला, "मॅडम, चौका न्हाई झाला. तीन पळाले."

"तुम्ही पाहिलं का?"

"पाह्यलं न्हाई. चौक्याला लोक आधी उठतेत, मंग वरडतेत. आता आधी वरडले. बराबर हाय ना?"

पंचांना विचारलं. तीनच होते. चार खोडून तीन करताना मला काय वाटलं ते मी इथं लिहीत नाही.

"बराबर हाय ना?" हे त्यांचं पालुपद. विचारायचे, पण उत्तराची वाट पाहायचे नाहीत. त्यांचे कायदेही ठरलेले होते. टॉस होईपर्यंत कढईत काही पडणार नाही. पंचाला मॅचआधी भजे मिळणार नाहीत, कारण बोट तेलकट झालं की आउट नीट देता येत नाही. हरलेल्या टीमला चहा आधी, आणि साखर जास्त. माझ्या खो-खोच्या पोरींना फक्त केळं. "पोटात भजे घिऊन पळाल तर खांबालाच टेकून बसाल," असं त्यांनी आमच्या कॅप्टनला तोंडावर सांगितलं होतं.

सगळ्यात मोठा कायदा विकेटचा. "इकेट पडली की माणसाला भूक लागती," मामा सांगायचे. "आपल्या गावची पडली की चहा, दुसऱ्याची पडली की भजे." त्यामुळे विकेट पडायच्या जरा आधीच त्यांचा अंदाज बांधलेला असायचा. पायऱ्यांवरचे लोक पुढं वाकले, बोलणं बंद झालं, की मामा पीठ सोडत, नाहीतर चहाचं आधण चढवत. बॅट्समन पॅव्हेलियनकडे निघाला की घाणा नाहीतर चहा तयार. आमच्या ओपनर पोराला ते फार लागायचं. तो म्हणायचा, मी क्रीजवर असतो आणि मागून चहाच्या कपबशा वाजतात, मग खेळायचं कसं?

तेव्हा गॅलरी म्हणजे काळ्या दगडाच्या सात पायऱ्या. त्यांना नंबर नव्हते, पण कोणी कुठं बसायचं हे कोणाला विचारावं लागत नसे. पहिल्या पायरीवर मोंढ्यातले व्यापारी, हळदीचं बीट, म्हणजे लिलाव, आटोपून आलेले. तिसरीवर तांड्यावरची मंडळी, कारण त्यांची टीम सगळ्यात तगडी आणि त्यांचा आवाज सगळ्यात मोठा. डाव्या बाजूला शिरड शहापूरकर. सगळ्यात वर, लिंबाच्या सावलीत, म्हातारे. नवा माणूस आला की अख्खी पायरी बूड न उचलता चार बोटं सरकायची आणि त्याला जागा व्हायची. भज्यांच्या प्लेटाही अशाच हातोहात वर जायच्या. प्रत्येक घाण्यातली एक प्लेट मामा बिनमिरचीची काढत आणि पहिल्या पायरीवर ठेवत. तिथून ती वर जाई. माझं तोंड मैदानाकडे असल्यामुळे ती कोणाकडे जाते ते मी कधी पाहिलं नाही. असेल कोणी लेकरू, असं मी धरून चालले होते.

मामांनी मैदानाकडे पाठ का केली, हे मात्र सगळ्या गावाला माहीत होतं. आधी ही भट्टी दोघं भाऊ चालवायचे, केरबामामा आणि त्यांचे थोरले भाऊ ग्यानबाकाका. एका फायनलच्या शेवटच्या ओव्हरला झारा थोरल्यांच्या हातात होता. मामा दूध आणायला गेले होते. परत येऊन पाहतात तर ग्यानबाकाका तोंड उघडं ठेवून मॅच पाहून राहिले आणि कढईत भज्यांचा कोळसा. मामांनी साती पायऱ्यांना ऐकू जाईल असं सुनावलं, "मॅच पाह्यची असंल तर वर जाऊन बस."

ग्यानबाकाकांनी झारा परातीत ठेवला, दस्तीला हात पुसले आणि सातव्या पायरीवर जाऊन बसले. त्यानंतर ते खाली आलेच नाहीत. म्हणजे मॅच संपल्यावर घरी गेले, पण भट्टीवर आले नाहीत. पुढं ते शेतातल्या घरी राहायला गेले. बोलणं बंद, येणंजाणं बंद. दोघांच्या बायका दिवाळीचं फराळ मागच्या दारानं पोचवायच्या, ते दोघांनाही कळायचं आणि दोघंही न कळल्यासारखं करायचे. त्या दिवसापासून मामांनी नेम केला की धंद्यावर असताना मॅच पाहायची नाही. गावानं कौतुक केलं. मीही केलं.

मग पायऱ्या पाडून नवी गॅलरी बांधायचं ठरलं. सात-आठ महिने मॅच बंद राहिल्या. त्या दिवसांत मामा दर दोन-चार दिवसांनी शाळेच्या गेटवर उभे. "मॅडम, कवा चालू व्हईल?" मला वाटलं, धंदा बसला म्हणून येतात. माणूस वाळत चाललेला दिसत होता. मी म्हटलं, "मामा, तोवर बाजारात गाडा लावा." तर म्हणाले, "लावलाय की. चांगला चालून राहिला." मग मला काही कळेना.

नवी गॅलरी झाली झोकात. वर पत्र्याचं छत, खाली लाल-निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रत्येकीवर नंबर. उद्घाटनाला आमची माणसं खुर्चीवर मांडी घालून बसली आणि दुसऱ्याच दिवशी दोन खुर्च्या उखडल्या. कँटीन गॅलरीच्या मागच्या अंगाला. पांढऱ्या टाइल्स, बेसिन, धूर ओढणारा पंखा, वाढायला खिडकी. ग्राउंडच्या समितीत मी होते. भांडून मामांसाठी ती खोली मी मिळवली होती, म्हणून त्यांना दाखवायला मोठ्या तोऱ्यात घेऊन गेले. मामांनी चारी भिंती पाहिल्या आणि म्हणाले, "मला न्हाई पाह्यजे."

"काहून?"

"टाइल्सवर पाय घसरतो."

मी म्हटलं, पोतं टाकू. म्हणाले, तेलाला वारा लागायचा न्हाई. मी म्हटलं, पंखा उलटा लावू. म्हणाले, लोकाचा आवाज येत न्हाई. मी म्हटलं, स्पीकर लावते. शेवटी माझं डोकं फिरलं. "मामा, तकलीफ काय आहे ती एकदा नीट सांगा. नाहीतर ही खोली दुसऱ्याला जाईल आणि तुम्ही बसा बाजारात."

मामा बेसिनचा नळ उघडत-बंद करत राहिले. मग नळाकडे बघतच बोलले.

"हितून दादा दिसत न्हाई."

मी बेसिनपाशी सरकले.

"तेच्या दारात जाता येत न्हाई मला. जीभ माझीच सुटली व्हती. ग्राउंडवर आला की तेवढा दिसतो. खोकून राहिला का, खंगला का, नवं धोतर हाय का जुनं. मिरची सोसत न्हाई तेला, म्हणून प्लेट येगळी काढतो. खातो तो. कोनाची हाय ते इचारत न्हाई, पण खातो." नळ बंद झाला. "औंदा तर सगळं सालच गेलं. गॅलरीपुढं भट्टीपुरत्या दोन फरशा द्या मॅडम. छत नको, पंखा नको."

मी समितीत उभी राहिले. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. पण प्लास्टिकच्या खुर्च्यांसमोर उघडी भट्टी चालणार नाही, हा नियम होता आणि तो बरोबरच होता. बरोबर होता म्हणून तर मला जास्त राग आला. मामांना सांगायला गेले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तुमी केलं तेवढं लई झालं." मला रात्रभर झोप नाही.

नव्या गॅलरीतली पहिली मॅच औंढ्याच्या टीमशी होती. मामा मागच्या खोलीत, टाइल्सकडे तोंड करून. सगळं गणित चुकलं. आमची विकेट पडली तर भजे आले, आणि कोणीच आउट नसताना चहा. तोही गार. लोक खिडकीवर कुरकुर करायला लागले. मी मान वळवून वर पाहिलं. सगळ्यात वरच्या ओळीत ग्यानबाकाका बसले होते, खुर्चीच्या टोकाला, हातात दस्ती. एकदा उजवीकडे वाकून पाहत, एकदा डावीकडे.

पहिली इनिंग संपली तसे ते रेलिंग धरून एकेक पायरी उतरले आणि थेट माझ्या टेबलापाशी आले.

"मॅडम, केरबा काहून दिसंना? बिमार हाय का?"

"नाही हो. मागं कँटीनमध्ये आहेत. ठणठणीत आहेत."

"कोन्या बाजूनं जातेत तिकडं?"

मी वही दुसऱ्या स्कोअररच्या हातात कोंबली आणि त्यांना घेऊन गेले. दारात सोडून परत यायला हवं होतं. मी आले नाही. लाज सोडून तिथंच उभी राहिले.

ग्यानबाकाका उंबऱ्याबाहेर थांबले. चपला काढल्या. मामांनी वळून पाहिलं आणि झारा हातातच राहिला.

"दादा. काहून आला?"

"तू दिसंना म्हणून आलो."

मामांनी झारा खाली ठेवत विचारलं, "आन मॅच?"

"मॅच कोन पाहून राहिलं रे? बारा सालं झाले, ओव्हर पाच बॉलची का सहाची, ते बी धड सांगता येत न्हाई मला."

मामा तेलाच्या डब्यावर बसले आणि लेकरासारखे रडायला लागले. ग्यानबाकाका आत आले, कढईत डोकावले, पिठात बोट बुडवून पाहिलं. "पीठ पातळ केलंस," असं रागानं म्हणत त्यांनी दुसऱ्या हातानं भावाचं डोकं पोटाशी धरलं.

खिडकीवर रांग लागली होती. मी खिडकी ओढून घेतली आणि बाहेर येऊन सांगितलं, भज्यांना वेळ लागेल. तेवढ्यात दुसरा स्कोअरर पळत आला. "मॅडम, दुसरी इनिंग सुरू झाली. तुमी येऊन राहिल्या ना?"

"लिहा तुम्हीच," मी म्हटलं, आणि दारापाशी काढलेल्या त्या चपला कोणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून उचलून आत ठेवल्या.