तोंड न लावता

सोमवारी टोळीचा ट्रॅक्टर येणार होता, आणि शुक्रवारी मी जाहीर केलं की पाणी गाळायची बाटली मी स्वतः पिऊन पास केल्याशिवाय माझी सून ऊसतोडीला जाणार नाही. बस, एवढंच जाहीर केलं. पुढं जे झालं त्यात माझा काडीचा दोष नाही, असं मी परवापर्यंत सगळ्यांना सांगत होते.

सून म्हणजे राजनंदिनी. (एवढं लांबलचक नाव हाक मारायला परवडत नाही, मी नंदा म्हणते.) ती आणि माझा अंगद दरसाल दिवाळीच्या आगेमागे कारखान्यावर जातात. मागच्या साली तिथं कोपीजवळच्या (म्हणजे पाचटाच्या झोपडीजवळच्या) कालव्याचं पाणी पिऊन तिला कावीळ झाली. परत आली तेव्हा डोळे पिवळेधमक आणि मनगटातल्या बांगड्या कोपराला भेटून येत होत्या. मी काही तिला पोटाशी धरून रडले नाही. मी म्हणाले, "धडधाकट गेलतीस. पुन्यांदा आशी आलीस तर दारात उभी करनार न्हाई." आणि दोन महिने तिला पाणी उकळून, गार करून, माझ्या हातानं दिलं. (हे कुठं बोलायचं नाही अशी तिला ताकीद होती. तिनं ते आख्ख्या नांदूरघाटात सांगितलं.)

यंदा तिनंच मोबाइल माझ्यासमोर धरला. "आत्या, ही फिल्टरची बाटली बघा. कसलं बी पाणी भरा, पिताना गाळून येतंय. स्वस्तातली बी हायत."

टोळीत दहा कोयते, म्हणजे दहा जोडपी. बाकीच्या नऊ जणी पण तयार झाल्या, पण सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, "दगडाबाईनं पास केली तर घेऊ." दगडाबाई म्हणजे मी. माझ्या आधीची दोन लेकरं जगली नाहीत म्हणून आईनं हे नाव ठेवलं. नावाला मी कधी बट्टा लावला नाही. दुकानदाराची खवट तूरडाळ मी त्याच्याच गल्ल्यावर ओतून आलेली बाई आहे. अक्षरं मी वर्तमानपत्राच्या पुड्यांवरून स्वतः शिकले, त्यामुळं मला शिकवायला येणाऱ्याची मी आधी परीक्षा घेते.

नमुन्याला दोन बाटल्या आणा म्हणून मी आमच्या ह्यांना, राधाकिशनरावांना, परळीला पाठवलं. हा माणूस हातगाडीसमोरून सुखरूप घरी आणणं म्हणजे बैल कडब्याच्या गंजीजवळून नेणं. (मागं चष्मा करायला गेले आणि डास मारायची बॅट घेऊन आले. डास त्यांना दिसतच नव्हते.) संध्याकाळी आले, पिशवी उपडी केली. दोन बाटल्या आणि दोन चाकू.

"हे काय?"

"चाकू. खिशातला हाय. मिटतंय."

"मी चाकू सांगितलते?"

"बाटलीसंगं लई स्वस्तात दिलं. सुतळी कापाय, काटा काढाय…"

"आन दोन कावून?"

"एक हारपला तर?"

बॅटीही दोनच आणल्या होत्या.

शनिवारी दुपारी परीक्षा. नंदा त्या दिवशी आईबापाला भेटायला युसूफ वडगावला गेली होती. शेजारची बायनाबाई आली, तिच्यामागं टोळीतल्या चारपाच जणी आल्या. बोअरचं पाणी भरायला निघालेल्या बायनाबाईला मी अडवलं. कालव्याच्या पाण्याची परीक्षा बोअरच्या पाण्यानं कशी होणार? मी दोन्ही बाटल्या म्हशीच्या हौदात बुडवल्या. म्हैस माझ्याकडं बघत राहिली.

बाटलीच्या झाकणाला आतून एक पांढरी कांडी लोंबत होती. मी लगेच ओळखलं. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो, तसलीच ही तुरटीची सुधारलेली जात. मी झाकण लावलं, बाटली चांगली हलवली, घटकाभर उन्हात ठेवली. मग झाकण काढलं, मान मागं टाकली आणि वरून धार धरून घटाघटा पाणी प्यायले. ओठाला थेंब लागला नाही. मी आयुष्यात कधी भांड्याला तोंड लावून पाणी प्यायलेले नाही, आणि माझ्या देखत कुणाला पिऊ दिलेलं नाही. गावातल्या निम्म्या सुनांना वरून प्यायला मी शिकवलंय. दोघींना ठसका लागला, पण शिकल्या.

"कसं लागतंय?" बायनाबाईनं विचारलं.

मी जिभेवर जरा घोळवलं. "हलकं. एकदम हलकं झालंय. आपल्या बोअरला ही चव न्हाई."

एवढ्यात बघते तर आमचे हे दुसरी बाटली तोंडात धरून, गाल आत ओढून, वासरासारखे चोखत बसलेले.

"आवं! बायामाणसांदेखत तोंड लावता? उष्टी केली की बाटली!"

"परळीत त्यानं असंच पिऊन दावलं," हे म्हणाले.

"त्याला आय न्हाई का शिकवायला?"

बाया हसल्या. बाटली पास झाली. दहा बाटल्या आणायचं ठरलं, आणि मी सगळ्यांच्या आग्रहाला मान देऊन आणखी अर्धी बाटली प्यायले.

रविवारी सकाळी चाकूची पाळी. ओट्यावर बसून मी बाभळीच्या काडीवर तो चालवून बघितला. धार बरी होती. उघडलाही झटक्यात, टक्कन आवाज करून. पण मिटेना. दाबला, मांडीवर ठोकला, उंबऱ्यावर आपटला, तरी पातं ताठच्या ताठ. तशीच झटापट चालू असताना माझ्या पोटात पहिली कळ आली.

ती कळ मी अंगावर काढली. दुसरी आली तेव्हा उभी राहिले. तिसरीला मी पळाले.

आता आमचा संडास परसात, आणि आमचे हे हातात टमरेल, कानावर बिडी आणि काखेत पेपर घेऊन नेमके त्याच दिशेनं संथ चालीनं निघालेले. हा माणूस एकदा आत गेला की पेपरातल्या निधनवार्ता संपेस्तोवर बाहेर येत नाही. मी मागून ओरडले, "थांबा! एक पाऊल फुडं टाकलं तर बघा! आज मी कुणाची न्हाई!"

ह्यांनी वळून बघितलं. मी पदर खोचलेली, केस सुटलेले, डोळे पांढरे, आणि हातात उघडा चाकू. (चाकू खाली टाकावा हे मला सुचलं नाही. त्या वेळी माझं सगळं लक्ष दुसरीकडं होतं.) ह्यांनी टमरेल टाकलं आणि कुंपणावरून बायनाबाईच्या अंगणात उडी मारली. सत्तरीला टेकलेला माणूस! गुडघे दुखतात म्हणून रोज मला पाय चेपायला लावतो!

मी आत गेले आणि कडी लावली. बाहेर जमलेली माणसं ह्यांना काय विचारतायत ते मला आतून ऐकू येत होतं, पण मी उत्तर द्यायच्या परिस्थितीत नव्हते.

"काय झालं मामा?"

"चाकू घेऊन धावली!"

"कावून?"

"काल बाटलीला तोंड लावलं म्हणून आसंल."

"येवढ्यासाठी?"

"तुमाला म्हाईत न्हाई तिचं!"

बऱ्याच वेळानं मी भिंतीला धरून बाहेर आले, तर अंगणात पन्नासेक माणूस. सगळ्यांच्या पुढं टोळीचे मुकादम सुंदरराव, एक हात वर करून, मारक्या बैलाला चुचकारावं तसे.

"वैनी, आधी चाकू खाली ठिवा."

"मिटत न्हाई हो."

"मिटंल की. येवढं काय? नवराबायकोचं भांडन हाय, मिटतंयच."

"भांडन न्हाई, चाकू! चाकू मिटत न्हाई!"

मग तो चाकू हातोहात फिरला. दिवसाला गाड्याच्या गाड्या ऊस तोडणारे गडी, एकालाही ते चार बोटांचं पातं मिटेना. एकानं दगड मागितला. तेवढ्यात वडगावची जीप आली आणि नंदा उतरली. तिनं गर्दी बघितली, सासरा कुंपणापलीकडं बघितला, सासू भिंतीला टेकलेली बघितली. काही न विचारता चाकू घेतला, मुठीतली पट्टी अंगठ्यानं दाबली आणि मिटवून माझ्या हातात दिला.

मी मात्र आता तापले होते. पोटात काही उरलं नव्हतं, पण तोंड शाबूत होतं. "ऐका समद्यांनी! बाटली फसवी हाय! काल पिली, आज माझी ही दशा! ह्यांना काही झालं न्हाई, कारण हाटेलातली भजी खाऊन ह्यांचं पोट दगडाचं झालंय. पर ही बाटली मी नापास केली!"

नऊ जणींनी एकमेकींकडं बघितलं. "मंग न्हाई घेत बया." "कालव्याचंच प्यावं लागतंय मंग." आणि सगळ्या नंदाकडं बघायला लागल्या. ती खाली बघत होती.

"माझी सून येनार न्हाई, सुंदरराव," मी म्हणाले.

"वैनी, उद्या ट्रॅक्टर हाय. एकटा अंगद म्हंजी अर्धा कोयता. जोडी मोडली तर त्याला नेता येत न्हाई मला." सुंदरराव वाईट माणूस नाही. तो हे जमिनीकडं बघून बोलला.

"आत्या, मी जाते. सवय हाय मला," नंदा म्हणाली.

सवय! कावीळ झालेल्या पोरीनं मला सवय सांगावी!

मग नंदाच हळू म्हणाली, "आत्या, कशी पिली ते एकदा करून दावता का?"

"त्यात काय दावायचंय!" मी बाटली मागवली. (बोअरचं पाणी भरून. म्हशीकडं मी आता बघतही नव्हते.) हलवली. घटकाभर धरली. झाकण फिरवून काढलं, डाव्या हातात घेतलं, मान मागं टाकली आणि वरून धार सोडली. एक थेंब सांडला नाही.

"आत्या, डाव्या हातात काय हाय?"

"झाकण."

"आन झाकनाला?"

"कांडी. तुरटीची."

"तुरटी न्हाई आत्या. त्योच फिल्टर हाय. तोंड लावून वढलं की पाणी त्याच्यातनं येतंय. तुमी त्यो बाजूला काढून ठिवला, आन नुसतं पाणी पिल्या."

अंगणात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. टाचणी नाही, बायनाबाई पडली. म्हणजे खाली बसली, हसून.

"म्हंजी काल तू हौदाचं पाणी पिलीस! म्हशीचं! आन म्हनली, हलकं लागतंय!"

"आपल्या बोअरला ही चव न्हाई म्हनली!" मागून एक जण.

मी सगळ्यांचं हसणं संपायची वाट बघितली. लई वेळ लागला. पण हसून झाल्यावरही गाडं पुढं सरकेना. नऊ जणींचे चेहरे पुन्हा पडले. आता नवीनच अडचण होती. "तोंड लावून प्यायचं? फडात, गडीमाणसांदेखत?" "लेकरावानी चोखायचं?" "आमाला न्हाई जमायचं. आमाला दगडाबाईनं तसलं शिकविलंच न्हाई."

आणि सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

मी नंदाकडं बघितलं. तिच्या मनगटातल्या बांगड्या आता कुठं जागच्या जागी राहायला लागल्या होत्या.

मी झाकण घट्ट लावलं. पदर सारखा केला. पन्नास माणसांसमोर, सुंदररावासमोर, कुंपणापलीकडच्या नवऱ्यासमोर मी ती बाटली तोंडाला लावली आणि ओढली. पहिल्यांदा काही येईना. मग गाल पार आत गेले, डोळे बाहेर आले, आणि बारीकशी धार आली. मी थांबले नाही. अर्धी बाटली संपेपर्यंत कुणी हसलं नाही, हे मी त्यांच्या नावे लिहून ठेवते.

"कसं लागतंय?" बायनाबाईनं विचारलं. तिला राहवतच नाही.

"कसलंच लागत न्हाई," मी म्हणाले. "म्हंजे चांगलं हाय. घ्या."

राधाकिशनरावांना त्याच पावली परळीला पिटाळलं. सोमवारी ट्रॅक्टर निघाला तेव्हा दहाच्या दहा जणींच्या खांद्याला बाटली होती. नंदा पाया पडायला वाकली तर मी म्हणाले, "तोंड लावून पी. कुनी नावं ठिवली तर माझं नाव सांग." एवढंच म्हणाले. बाकी काही डोळ्यात वगैरे गेलं असेल तर ती ट्रॅक्टरची धूळ.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला.

"पोट कसंय?"

"बरं हाय आत्या. दहाच्या दहा जणी बऱ्या हायत. आता दुसऱ्या टोळ्यातल्या बाया बी बाटल्या मागवायलेत. मुकादम त्यांना तुमचाच व्हिडिओ दावतेत."

"माझा? त्यो कवा काढला?"

"त्या दिवशी. तुमी मामांवर चाकू घेऊन धावल्या म्हणून पुरावा आसावा म्हणून शूटिंग चालू ठिवलतं त्यांनी."

मी जरा सावरून बसले. बघा, चांगलं काम वाया जात नाही. सगळ्या कारखान्याला कळलं तर, की बायांच्या तब्येतीपायी दगडाबाईनं चारचौघांत बाटलीला तोंड लावलं.

"आसं आसं तोंड लावून पिलेलं दावतेत व्हय?"

नंदा म्हणाली, "न्हाई आत्या. तुमी वरून पिल्या तेवढंच हाय त्यात. ते दावतेत आन म्हणतेत, आसं प्यायचं न्हाई. तोंड लावायच्या येळंला मुकादमाच्या मोबाइलची बॅटरी संपलती."